दंडावरची पट्टी

४ मार्च, सोमवार

आज सकाळी डॉक्टर स्वतः घरी आले. हॉस्पिटल सोडून डॉक्टर कुणाच्या घरी गेले की एक तर तिथे कुणी आजारी असतं, नाहीतर त्यांना काहीतरी मागायचं असतं. आम्ही दोघी बहिणी धडधाकट. मी चहा ठेवला आणि म्हणाले, "मागा."

"बाई, हॉस्पिटलच्या छपरावर पसरायला एक कापड शिवून हवंय. पांढऱ्यावर लाल क्रॉस, विमानातून दिसेल एवढा. आणि आमच्या माणसांच्या दंडावर बांधायला तसल्याच पट्ट्या."

पलीकडचं सैन्य नदीच्या त्या काठाला येऊन बसलं आहे. पुलाचं ते टोक त्यांचं, हे टोक आपलं. हॉस्पिटल आपल्या काठाला, त्याचा छोटा दवाखाना त्या काठाला. ॲम्ब्युलन्सला तेवढी दोघांनी ये-जा करू दिली आहे.

"ज्यांना हॉस्पिटल आणि दारूगोळ्याचं कोठार यांतला फरक कळत नाही, त्यांना तो माझ्या कापडाने कळेल होय?" मी विचारलं.

"कळेलच असं नाही. पण कळलं नाही असं म्हणायची सोय राहणार नाही."

माणूस हुशार आहे. चहा मात्र अर्धा टाकून गेला.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दुसऱ्या महिन्यात शिवणाचा विषयच बंद केला. आता लढाई अंगावर आली तर सगळ्यांना शिवणाच्या बाई आठवल्या. मी हो म्हणाले. नाही म्हणून सांगणार कुणाला? धाकटीला? ती तर "ताई, छान झालं, तुला काहीतरी उद्योग मिळाला" म्हणाली. जशी मी एरवी माश्या मारत बसते.

९ मार्च, शनिवार

कापड झालं. लाल रंगासाठी शाळेच्या रंगमंचाचा पडदा फाडला. नव्या मुख्याध्यापिकेने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं, पण दिला. हॉलभर कापड पसरून धाकटीने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि तिच्या लेकाने, म्हणजे आमच्या ढब्बूने, मधे बसून पाव खाल्ला. बेकरीची गाडी चालवतो, घरातही पाव खातो. तिशी उलटली तरी वाढदिवसाला आई त्याला स्वेटर विणते.

क्रॉसचे आतले कोपरे हीच खरी परीक्षा. कोपऱ्यात कापडाला चीर द्यायची, टाक्याच्या अगदी जवळ, पण टाका तुटू द्यायचा नाही. चीर कमी पडली तर कापड सुरकुततं, जास्त झाली तर उसवतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर असा कोपरा भिंगाखाली धरायच्या आणि सुरकुती दिसली की सगळं उसवायला लावायच्या. आज छपरावरचं कापड त्यांनी भिंगातून पाहिलं असतं तरी काही सापडलं नसतं.

दंडाच्या पट्ट्यांवर आरोग्य खात्याचा जांभळा शिक्का आहे. शिक्का असलेलीच पट्टी खरी.

११ मार्च, सोमवार

शाळेच्या हॉलमध्ये "युद्धाचे नियम" असा वर्ग झाला. शिकवायला मोठ्या शहरातून कुठल्याशा मदत संस्थेची एक मुलगी आली आहे. तिचं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही, सगळे वर्गवाली म्हणतात. माझ्या फळ्यावर माझ्याच खडूने लिहीत होती. मी पहिल्या रांगेत बसले, चुका काढायला सोयीचं पडतं.

युद्धाचे नियम म्हणे. दरोडेखोराने घरात शिरताना चपला बाहेर काढाव्यात तसं झालं हे. पण ऐकलं. जो लढतोय त्याच्यावरच हत्यार चालवायचं. जो लढत नाही त्याच्यावर नाही. लढणारा जखमी झाला, शरण आला किंवा पकडला गेला, की त्याच्यावरही नाही. जखमी कुठल्याही बाजूचा असो, ज्याला गरज जास्त त्याला आधी बघायचं. पाण्याची टाकी, पिकं, हॉस्पिटल यांना हात लावायचा नाही.

"ताई, हे तोफगोळ्याला कोण समजावणार?" दूधवाल्याने मागून विचारलं.

"तोफगोळ्याला नाही, डागणाऱ्याला समजवायचं. म्हणून तर त्यांनाही बसवलंय," ती म्हणाली. छावणीतले शिपाई दोन रांगा धरून बसले होते. त्यांतला एक घोरत होता.

मी उभी राहिले. "आणि समोरचा नियम मोडत असेल तर?"

"तरी आपण पाळायचे."

"म्हणजे त्याने झोडायचं आणि आपण सोसायचं?"

"लढा की. लढू नका असं कोण म्हणतंय? फक्त त्यांच्या जखमींशी, कैद्यांशी, बायकामुलांशी लढू नका. ते कसे वागतात यावर आपली सुटका होत नाही."

असला एकतर्फी व्यवहार मी कधी ऐकला नाही. घरी येईपर्यंत अंगाचा तिळपापड झाला होता.

किराणावाल्याने दुकानावर एक लाल क्रॉस मिळेल का विचारलं. त्याच्यामागे पिठाच्या गिरणीवाला होताच. वर्गवाली नाही म्हणाली. "दुकानावर लावला तर उद्या हॉस्पिटलवरचाही खोटा वाटेल. हे चिन्ह उसनं देता येत नाही." हे मात्र मला पटलं. वस्तू ज्याची त्याच्याकडेच असावी.

१४ मार्च, गुरुवार

धाकटीने जेवताना विषय काढला.

"ताई, ढब्बूला एक पट्टी दे ना."

"का? त्याने कुणाचं ऑपरेशन केलं?"

"हॉस्पिटलचा पाव तोच पोचवतो."

"छावणीचाही तोच पोचवतो. मग एक रणगाडा पण देऊ?"

"रस्त्यावर गोळे पडतात, ताई. तुझ्या हातात आहे म्हणून मागतेय."

"माझ्या हातात नाही. पट्टी हॉस्पिटलची. रुग्णांचं काम करतो, दुसरं काही करत नाही, त्याला ती मिळते. वर्गात काय झोपली होतीस?"

ती ताट घेऊन उठली आणि दारातून म्हणाली, "तुझ्या पोटचा असता तर कळलं असतं."

हे वाक्य तिने नक्कीच खूप वर्षं जपून ठेवलं असणार. इतकं गुळगुळीत आलं.

१६ मार्च, शनिवार

अबोला. धाकटी भिंतीकडे बघून म्हणते, "ढब्बू, मावशीला सांग मीठ संपलंय."

ढब्बू माझ्याकडे वळून म्हणतो, "मावशी, त्या बाजूकडून निरोप आहे, मीठ संपलंय. युद्धविराम कधी करताय तेही विचारलंय."

"त्या बाजूला सांग, मीठ डब्याच्या मागे आहे."

कार्टं हसतं. बेकरीत कामाला आहे म्हणून की काय, सदा फुगलेलं आणि गरम.

१८ मार्च, सोमवार

डॉक्टर आज माझ्यावर चिडले. कारण ऐकण्यासारखं आहे. पट्ट्या घामाने, रक्ताने मळल्या होत्या म्हणून मी सगळ्या गोळा करून सोडा घालून उकळल्या, खळ घातली, इस्त्री केली. पांढरं कसं असावं ते त्या हॉस्पिटलला पहिल्यांदाच कळलं. तर डॉक्टर म्हणतात, "बाई, शिक्का गेला."

गेलाच होता. सगळ्या पट्ट्यांवरून. आता आरोग्य खात्याच्या कचेरीचं गाव रस्ता बंद असल्याने तुटलेलं, नवा शिक्का येणार कसा? एका उकळीत जातो तो शिक्का कसला, मी म्हणाले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि वॉर्डात निघून गेले.

दुपारभर फाटक्या चादरी शिवल्या. हॉस्पिटलच्या शिवणखोलीला मीच कुलूप लावते, मीच उघडते.

२० मार्च, बुधवार

पलीकडचा एक शिपाई जखमी होऊन आपल्या बाजूला सापडला, त्याला हॉस्पिटलात आणलं. त्याच वेळी आपला हवालदारही आला, मांडीत गोळी. डॉक्टरांनी आधी कुणाला घेतलं असेल? पलीकडच्याला.

मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच गाठलं. "आपला माणूस स्ट्रेचरवर कण्हतोय आणि तुम्ही त्याला शिवत बसलात?"

"त्याच्या पोटात रक्तस्राव होता. हवालदाराला तासभर थांबवता येत होतं, याला नव्हतं."

"तो इथे कशाला आला होता ते विसरलात."

"नाही विसरलो. पण पोट उघडल्यावर बाजू दिसत नाही, बाई. शोधली तरी."

आता दोघे शेजारी शेजारी आहेत. हवालदार माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा. म्हणाला, "बाई, रागावू नका. घोरतो फार, एवढीच तक्रार आहे." माणसं स्वतःच्या अपमानाला इतकी लवकर सरावतात हे पाहून वाईट वाटलं. पलीकडच्याकडे मी पाहिलं नाही. पांघरूण सरकलं होतं त्याचं, ते परिचारिकांनी बघावं.

२२ मार्च, शुक्रवार

युद्धविराम! धाकटी आपणहून येऊन शेजारी बसली. चहा आणला, त्यात आलंही घातलं होतं. मला बरं वाटलं. उशिरा का होईना, तिला माझं म्हणणं पटलं.

उशीचा अभ्रा शिवतेय म्हणाली, वर नक्षी लावायची आहे, पण आतले कोपरे सुरकुततात. या बाईने जन्मात सुईत दोरा धड ओवला नाही, शाळेत हिच्या वह्यांना नव्वद आणि शिवणाला पस्तीस. म्हटलं, लढाईने काहीतरी चांगलं घडवलं. बसवली जवळ आणि दाखवलं. चीर कशी द्यायची, अंगठा कुठे ठेवायचा, टाका कसा वाचवायचा. लक्ष देऊन शिकली. बोटाला सुई टोचल्याच्या खुणा होत्या, म्हणजे आधी एकटीने झटापट केली असणार. शेवटचा कोपरा तिने घातला तो मलाही वेगळा ओळखता आला नसता.

शिवणखोलीतले लाल तुकडे कमी वाटतात. साफसफाईवालीला विचारलं पाहिजे, तिला चिंध्या घरी न्यायची सवय आहे.

२५ मार्च, सोमवार

ढब्बू संध्याकाळपर्यंत आला नाही. बेकरीवाला म्हणतो, गाडी सकाळीच छावणीकडे गेली. धाकटी खिडकीतून हलत नाही. मी म्हणाले, टायर पंक्चर असेल.

२६ मार्च, मंगळवार

सगळं कळलं. घडलं त्या क्रमाने लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात सारखं मागेपुढे होत राहील.

वर्गवाली सकाळी डॉक्टरांना घेऊन आली. ढब्बू पुलाच्या त्या टोकाला पकडला गेलाय. दंडावर लाल क्रॉसची पट्टी होती. पलीकडच्या दवाखान्याला पाव नेतोय म्हणाला. पावाच्या खाली वायरलेसच्या बॅटऱ्या निघाल्या. त्या काठाला आपले काही शिपाई अडकलेत, त्यांच्यासाठी. छावणीतल्या कुणीतरी त्याच्या दंडावर पट्टी पाहिली आणि म्हणाला, तुला कोण अडवणार, तूच घेऊन जा.

तेव्हापासून त्यांनी ॲम्ब्युलन्स बंद केली आहे. क्रॉस दाखवून बॅटऱ्या आणतात, आता कुणाला सोडणार नाही, असं त्यांचा अधिकारी म्हणतो. पलीकडच्या दवाखान्यात एक अडलेली बाळंतीण आहे आणि मशीनवर रक्त साफ करून घ्यायला येणारा एक म्हातारा. त्याचा वार कालच होता.

"पट्टी कुणी दिली?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या हातून एकही बाहेर गेलेली नाही. मोजून घ्या."

वर्गवाली म्हणाली, "मी पुलावर जाऊन पाहिली, बाई. कोपरे इतके स्वच्छ होते की मला वाटलं तुम्हीच..."

मी उठले आणि आतल्या खोलीत उशा तपासल्या. एकीलाही नवा अभ्रा नव्हता.

धाकटी दारात उभी होती. "ताई," ती म्हणाली, "मी त्याच्या जिवासाठी केलं. बॅटऱ्यांचं मला माहीत नव्हतं."

खरं बोलत होती. लहानपणापासून खोटं बोलताना तिचे कान लाल होतात.

वर्गवालीने पुढचं सांगितलं. अधिकाऱ्याला हॉस्पिटलकडून एका माणसाने समोर येऊन सांगायला हवंय. पट्ट्यांवर शिक्का राहिलेला नाही, त्यामुळे खरी कुठली आणि घरगुती कुठली हे पट्ट्या शिवणारीच सांगू शकते. ढब्बू हॉस्पिटलचा माणूस आहे असं ठरलं तर ते त्याला परत पाठवतील, दोष हॉस्पिटलचा धरतील आणि पूल बंद. नाही ठरलं तर ॲम्ब्युलन्स तपासून सोडतील, आणि ढब्बू त्यांच्याकडे राहील.

दोघं गेल्यावर धाकटी माझ्या पायाशी बसली. "एकच शब्द, ताई. आमचा आहे म्हण. हॉस्पिटलचा पाव खरंच तो पोचवतो."

मी चादर घेऊन बसले. तीच शिवण तीनदा उसवावी लागली. हल्ली दोरा अगदी हलका येतो.

२७ मार्च, बुधवार

पांढरं निशाण घेऊन वर्गवालीबरोबर पुलावरून चालत गेले. टोलनाक्याच्या खोलीत त्यांचा अधिकारी बसला होता. तरुण आहे, सर्दी झालेली, नाक पुसायला रुमालही नव्हता. त्याने टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या. एक ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरची, एक ढब्बूची.

"यातली हॉस्पिटलची कुठली?"

मी दोन्ही हातात घेतल्या. धाकटीची उचलली तेव्हा वाटलं, पस्तीस गुणांची मुलगी आणि काय शिवलंय. पडद्याच्या कापडाला वास होता पावाचा.

"ही हॉस्पिटलची. ही नाही. ही माझ्या घरात शिवली गेली."

"कुणी शिवली?"

"कोपरे कसे घालायचे ते मी शिकवलं. एवढं पुरे."

"आणि माणूस? तो हॉस्पिटलचा आहे?"

वर्गवाली माझ्याकडे पाहत नव्हती. भिंतीवर टोलचे दर लिहिलेले होते, ट्रकला किती, बैलगाडीला किती. ते मी सगळे वाचले.

"नाही," मी म्हणाले. "बेकरीचा ड्रायव्हर आहे. माझा भाचा."

त्याने मान वर केली. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"आता माझं ऐका. त्याने चूक केली, ती त्याला विचारा. पण मारून विचारायचं नाही. पकडलेल्या माणसाला खायला द्यायचं, पाणी द्यायचं, पांघरूण द्यायचं, आजारी पडला तर औषध द्यायचं. त्याचं नाव लिहून ठेवायचं आणि कुठे आहे ते त्याच्या आईला कळवायचं. लोकांसमोर उभा करून त्याची टिंगल करायची नाही. या ताईंच्या माणसांना त्याला भेटू द्यायचं. हे मी तुमच्यावर उपकार म्हणून मागत नाही. तुम्हाला ते करावंच लागतं."

तो म्हणाला, "तुम्ही शिक्षिका होता का?"

"होते काय? आहे. तो रुमाल घ्या."

माझा धुतलेला रुमाल मी टेबलावर ठेवून आले. भेटू मात्र दिलं नाही. दुपारी ॲम्ब्युलन्स गेली, तपासली आणि सोडली. बाळंतीण आली. म्हातारा आला, चेहरा सुजलेला, पण आला.

घरी धाकटीला सांगितलं मी तिथे काय म्हणाले ते. शब्द न् शब्द सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि आपल्या खोलीचं दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

३ एप्रिल, बुधवार

अजून निरोप नाही. वर्गवाली म्हणते, तिच्या माणसांनी भेटीची परवानगी मागितली आहे, नाव नोंदलं गेल्याचं कळलंय, हेही थोडं नाही. मी रोज विचारते, ती रोज तेच सांगते, दमत नाही. तिच्याबद्दल मी आधी काही लिहिलं होतं ते तसंच राहू दे, पण मुलगी कामाची आहे.

आज दुपारी शिवणखोलीत घोंगड्यांना कडा लावत होते, तर धाकटी आली. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नव्हती. समोरच्या स्टुलावर बसली आणि घोंगडीचं दुसरं टोक धरलं. थोड्या वेळाने म्हणाली, "तिकडे थंडी असेल."

"नदीकाठ आहे."

"त्याला पांघरूण दिलं असेल?"

"द्यावंच लागतं. नियम आहे."

"नियम आहे ते मला ठाऊक आहे, ताई. वर्गात मी झोपले नव्हते. पांघरूण दिलंय का, ते विचारतेय."

मला नुसतं "हो" म्हणता आलं असतं. "माहीत नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. कडा पूर्ण झालेली घोंगडी उचलली, घडी केली आणि बाहेर पडली. मला वाटलं घरी निघाली, म्हणून मागे गेले. ती वॉर्डात शिरली होती. हवालदाराच्या कॉटवरून पुढे गेली. पलीकडचा शिपाई कुशीवर झोपला होता, चादर गुडघ्यापर्यंत वर गेलेली. तिने घोंगडी उलगडून त्याच्या अंगावर टाकली. तो दचकून जागा झाला आणि तिच्याकडे बघत राहिला. पोरगाच आहे, नीट मिशी फुटलेली नाही.

"बघतोस काय?" ती त्याला म्हणाली. "पाय आत घे."